फुटणाऱ्या ताऱ्यासाठी एक खूण

डिसेंबर लागला की बुलडाण्यात सकाळी हात खिशातून बाहेर काढवत नाहीत. आमच्या शाळेत मात्र ते काढावेच लागतात, कारण इथं हातांनीच बोलतात. कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे ही. मी गणित आणि विज्ञान शिकवते. थंडीत मुली शाल पांघरून ओट्यावर उन्हाला ओळीनं बसल्या की त्यांचं बोलणं एकदम कमी होतं. काही सांगायचं तर शालीतून हात काढायला हवा, आणि गोष्ट तेवढी महत्त्वाची नसेल तर त्या डोळ्यांवरच भागवतात. हातमोजे कुणी घालत नाही. बोटं जाडी होतात, काही कळत नाही, अशी सगळ्यांची तक्रार.

परवा विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक आलं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "या वर्षी काय ठेवायचं?" साधा प्रश्न. बाहेर कुणीतरी तुरीच्या शेंगा उकडत होतं, त्याचा ओला, गोडसर वास खिडकीतून येत होता, आणि त्या वासानं मला थेट वैष्णवीच्या डिसेंबरात नेऊन उभं केलं.

मी मुळात घाबरट. लहानपणी उंद्रीला, माझ्या माहेरी, उन्हाळ्यात सगळे अंगणात झोपायचे तेव्हा मी पालथी झोपायची, कारण वर पाहिलं की आपण खाली नाही, वर पडू असं वाटायचं. मोठी झाले, नोकरीला लागले, तरी ते गेलं नाही. आमची मुलं प्रत्येकाला हातानं दाखवायचं एक नाव ठेवतात. मोठ्या सरांचं नाव चष्मा वर ढकलणं. माझं नाव बोटातली अंगठी फिरवणं. मला ते नाव पडलं तेव्हा कळलं की दिवसभर मी हेच करत असते.

वैष्णवीच्या भुवईवर लहानपणी वासराचं शिंग लागल्याचा बारीक व्रण होता. त्या जागी बोट टेकवलं की वैष्णवी. ती वडनेर भोलजीची. हमरस्त्याला लागून घर, मागे कपाशी आणि तूर. तेव्हा दहावीला होती. उंच, हाडकुळी, आणि प्रश्न विचारताना समोरच्याच्या फार जवळ येऊन उभी राहणारी. प्रदर्शनासाठी विषय तिनंच निवडला. शाळेत येणाऱ्या एका मासिकात दूरच्या एका दीर्घिकेचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या थव्याचं, छायाचित्र होतं. धुरकट, भोवऱ्यासारखं. आणि त्याच्या कडेला एकच ठिपका, आख्ख्या थव्याच्या तोडीचा झगझगीत. तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हे काय?

मला माहीत नव्हतं. म्हणून घरी जाऊन वाचलं.

आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की शेवटी त्याचा गाभा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. आकारानं पृथ्वीएवढा, पण त्यातलं द्रव्य जवळजवळ सूर्याएवढं. एकटा असला तर निवत निवत विझून जातो. पण जोडीला दुसरा तारा असला तर हा त्याचं द्रव्य ओढून घेत राहतो, घेत राहतो, आणि वजन एका ठरावीक मर्यादेजवळ गेलं की सगळाच्या सगळा फुटतो. ही मर्यादा साऱ्यांना एकच. म्हणून फुटतानाचा उजेडही सारखाच, असं मी वाचलेल्या लेखात होतं. आणि मूळ उजेड ठाऊक असला की तो इथून किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं. दुप्पट लांब गेला तर उजेड चौथाई. असे तारे दूरदूरच्या दीर्घिकांमध्ये फुटतात आणि त्यांच्यावरून विश्वाची लांबी-रुंदी मोजतात.

वाचून मला झोप लागेना. असं मुकाट्यानं साठवत जाणाऱ्या गोष्टींची मला धास्ती वाटते. पण दुसऱ्या दिवशी मी ते वैष्णवीला सांगायला बसले तेव्हा अडचण वेगळीच निघाली. श्वेत बटूसाठी खूण नव्हती. निदान आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हती. दर वेळी एकेक अक्षर बोटांनी लिहायचं तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होई. मग वैष्णवीनंच खूण बनवली. डाव्या हाताची घट्ट मूठ, हा बटू. उजव्या हाताची बोटं दुरून काहीतरी ओरबाडून त्या मुठीत कोंबतायत. मूठ थरथरते, आणि मग दोन्ही हात एकदम उघडतात. ते करताना तिचे गाल फुगायचे आणि डोळे मोठे व्हायचे. खुणांच्या भाषेत चेहरासुद्धा व्याकरण असतो. मी तीच खूण केली तेव्हा तिनं मान हलवली. तुमचा तारा घाबरून फुटतो, म्हणाली.

मग तिनं विचारलं, तिथं आवाज होतो का? मी सांगितलं, नाही, मध्ये हवाच नाही, आवाज येणार कशातून? तिला फटाका म्हणजे उजेड आणि छातीत बसणारा धक्का एवढंच ठाऊक. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत तिनं सगळ्या मुलींना सांगितलं की तिकडे वर गेलं तर मोठे सरसुद्धा बहिरे. मुली ताटं बडवून हसल्या. मोठ्या सरांना कुणीतरी ते सांगितलं, त्यांनी चष्मा वर ढकलला, आणि पुन्हा हशा.

प्रतिकृती अशी ठरली: आतून काळ्या रंगाची एक लांबलचक पेटी, एका टोकाला डोळा लावायला भोक, आत दोन सारखे छोटे दिवे, एक जवळ, एक लांब. बघणाऱ्यानं नुसत्या उजेडावरून सांगायचं, लांबचा कोणता आणि किती लांब. शेजारी फलक. फलकावर चार फुटलेल्या ताऱ्यांचा उजेड, सगळे एकाच अंतरावर आहेत असं धरून, दिवसागणिक कसा वाढला आणि कसा उतरला त्याचा आलेख. आलेख वैष्णवीनं त्याच मासिकातल्या छोट्या आलेखावरून चौकटी आखून मोठा केला. वर ठळक अक्षरांत मी लिहिलं, "या सर्व ताऱ्यांचा उजेड सारखाच असतो." कोठीच्या खोलीचं दार लावून, खिडकीला घोंगडी टांगून आम्ही पेटी तपासायचो. दार लावलं की अंधारात बोलणंही बंद. पुन्हा दार उघडायचं, बोलायचं, पुन्हा लावायचं. तो सगळा महिना माझ्या आठवणीत असा उघडझाप करत येतो.

मला काळजी दिव्यांची नव्हती. माझ्या तोंडाची होती.

आदल्या वर्षी प्रदर्शनाला दुसऱ्या एका मुलाला घेऊन गेले होते. तो हातांनी समजावत होता, मी मागून आवाज देत होते. परीक्षक त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि जाताना मलाच म्हणाले, "छान पाठ करून घेतलंय." तो मुलगा मला विचारत राहिला, काय म्हणाले? मी सांगितलं, छान म्हणाले.

दुभाषी होणं बाहेरून सोपं दिसतं. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात घेऊन उभं राहायचं. ते सांडलं, बदललं, तर ज्याचं आहे त्याला कळतसुद्धा नाही. मला रोज ही भीती असते. दवाखान्यात, बँकेत, मुलांचे आईवडील भेटायला येतात तेव्हा तर फारच.

वैष्णवीचे वडील गजाननभाऊ त्या महिन्यात मध्येच एकदा आले. कपाशीची वेचणी चालू होती, स्वेटरला कापसाचे पांढरे तंतू चिकटलेले. मी त्यांना निरोप पाठवला होता. दहावीनंतर पुण्यात एक कनिष्ठ महाविद्यालय होतं. तिथं विज्ञान शाखेत अशा मुलांसाठी खुणा जाणणारे शिक्षक होते, वसतिगृह होतं. ते व्हरांड्यात खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, पोरगी हुशार हाय, हे मले मालूम हाय," ते म्हणाले. "पण पुण्याले एकटी कशी राहीन ते? आमच्या घरासमोरून दिवसभर ट्रक जातेत. ते रस्ता ओलांडाले निघाली का तिची माय काम टाकून मांगं पयते. मांगून गाडी आली त तिले आयकू येणार नाही न. तिथं कोण पयीन तिच्या मांगं?"

मला त्यांची समजूत घालता आली नाही, कारण मला तेच वाटत होतं. मी फक्त म्हटलं, "तिला विचारून बघा ना."

"तिले काय इचारू? मले तिच्यासंग बोलता येते काय? जेव, चाल, पानी आन, म्हैस बांध, एवढंच येते मले. बाकी सारं तिच्या मायले." ते उठले. "प्रदर्शनाच्या दिशी येतो. शनवार हाय, तिले घरी घेऊन जातो. मंग पाहू."

वैष्णवी दूरवरून आमच्या तोंडांकडे बघत होती. ते गेल्यावर तिनं विचारलं, नाही म्हणाले ना? मी म्हटलं, पाहू म्हणाले. तिनं माझ्या अंगठीकडे पाहिलं.

प्रदर्शन गावातल्याच एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होतं. ठिबक सिंचन, बायोगॅस, प्लास्टिकच्या बाटल्यांचे झाडू, आणि दर वर्षी असतो तसा एक धूर सोडणारा ज्वालामुखी. आमची काळी पेटी एका खांबाच्या आडोशाला होती. सकाळपासून शाळाशाळांची मुलं येऊन भोकाला डोळा लावत होती. "ए, हा जवळचा बे!" "नाही बे, तो!" वैष्णवी बोटांनी आकडे दाखवून त्यांना अंतर विचारायची आणि चुकलं की झाकण उघडून दाखवायची. त्यासाठी माझी गरजच लागत नव्हती. मी खांबाला टेकून उभी होते.

दुपारी परीक्षक आले. एक वयस्क गृहस्थ, लोकरी जाकिटातले, आणि कुठल्याशा महाविद्यालयातल्या तरुण प्राध्यापिका. वैष्णवीनं सुरुवात केली. मूठ, ओरबाडणं, थरथर, स्फोट. मी आवाज दिला. श्वेत बटू, मर्यादा, उजेड, अंतर. बरं चाललं होतं. प्राध्यापिकाबाई माझ्याकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होत्या, आणि मला जरा धीर आला.

गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे या सगळ्या ताऱ्यांचा उजेड अगदी सारखा. बरोबर?"

मी प्रश्न खुणांनी केला. तिनं हो म्हणायचं होतं, आणि आम्ही पुढच्या वर्षीपर्यंत सुटलो असतो.

वैष्णवी म्हणाली, नाही.

मला वाटलं माझी खूण चुकली. पुन्हा विचारलं, सावकाश. पुन्हा नाही. मग ती फलकाकडे वळली, चारातल्या सगळ्यात उंच रेषेवर बोट ठेवलं आणि हातांनी सांगू लागली. हा जास्त उजळला, हा हळूहळू विझला. हा खालचा कमी उजळला, हा भरभर विझला. सगळे सारखे नाहीत.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी वाचलेल्यात कुठं नव्हतं. माझ्या मते ते चूक होतं. दोघं परीक्षक माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. त्या सभागृहात तिची भाषा कळणारी मी एकटी. "हो, साधारण सारखाच" एवढं म्हणून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. कदाचित तिलाही नाही. तिचं हसं झालं नसतं, शाळेचं झालं नसतं, आणि मागे दारापाशी गजाननभाऊ स्वेटरात हात घालून उभे होते, त्यांच्यासमोर तर काही विपरीत झालं नसतं.

मी तिनं म्हटलं तसं म्हटलं. "ती म्हणतेय, नाही. जो जास्त उजळतो तो हळू विझतो, कमी उजळणारा लवकर विझतो. सगळे सारखे नाहीत."

"मॅडम, हे तुम्ही सांगताय की ती?" गृहस्थांनी विचारलं.

"ती."

"पण तुमच्याच फलकावर लिहिलंय, सारखाच असतो म्हणून." त्यांनी माझ्या ठळक अक्षरांवर पेन टेकवलं.

वैष्णवीनं पेनाच्या टोकाकडे पाहिलं, वाक्य वाचलं, आणि शांतपणे हात हलवले. मला तेही म्हणणं भाग होतं.

"ती म्हणतेय, ते वाक्य मॅडमनी लिहिलंय. चित्र मी काढलंय."

प्राध्यापिकाबाई हसल्या. मग वाकून त्यांनी एकेक रेष बोटानं वरून खाली तपासली. त्यांचं हसू गेलं. सरळ वैष्णवीकडे बघत त्यांनी विचारलं, "मग अंतर कसं काढणार? सारखे नसतील तर सगळंच चुकेल ना?"

मी विचारलं. वैष्णवीनं फलकावरच्या रेषा पुन्हा पाहिल्या. गृहस्थ पुढच्या टेबलाकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. मग तिचे हात उठले. विझायला किती दिवस लागतात ते आधी मोजायचं. त्यावरून मुळात किती उजळला होता ते ठरवायचं. मग अंतर.

मी सांगितलं.

"हे तिला कुणी शिकवलं?" प्राध्यापिकाबाईंनी विचारलं.

"मी नाही," मी म्हटलं.

"सर, प्रत्यक्षात असंच करतात," प्राध्यापिकाबाई गृहस्थांना म्हणाल्या. "उजेड किती भराभर उतरतो ते बघून हिशेब दुरुस्त करून घेतात." त्यांनी "असं का?" म्हटलं, काहीतरी लिहिलं आणि दोघं ज्वालामुखीकडे गेली.

मी वैष्णवीला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती चकित झाली. चौकटी मोजून रेषा काढताना दिसलं, म्हणाली. तुम्हाला माहीतच असेल असं वाटलं.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. प्राध्यापिकाबाई निघताना फक्त येऊन सांगून गेल्या, हिला पुढे विज्ञानच घेऊ द्या. मी ते वाक्य दोनदा सांगितलं, एकदा हातांनी वैष्णवीला आणि एकदा तोंडानं तिच्या वडिलांना.

बसस्थानकावर त्यांच्या गावाकडच्या, नांदुऱ्याच्या गाडीची वाट बघत आम्ही तिघं बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं, थंडी पुन्हा अंगात शिरत होती. गजाननभाऊ माझ्याकडे वळले.

"त्या सायबासंग भांडून राह्यली होती काय ते?"

"भांडत नव्हती. तुमचं चूक आहे असं सांगत होती."

"आन् तुमी जसंच्या तसं सांगतलं?"

"हो."

"मंग नंबर काऊन नाही आला?"

"कारण कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, जणू तिला ऐकू जाईल, "बाई, तिले एक इचारा. तिकडं एकटी राहाचं भेव नाही वाटत का तिले?"

मी वळून विचारलं. वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. बाबांना सांगा, ती म्हणाली, स्वतः विचारा.

मी ते सांगितलं. त्यांनी आपले हात मांडीवरून उचलले आणि जरा वेळ नुसते धरून ठेवले. मग तिच्याकडे बोट केलं. दूर रस्त्याकडे केलं. एक बोट वर धरलं, एकटी. मग छातीवर स्वेटर मुठीत धरून अंग थरथरवलं. वैष्णवी म्हणाली, थंडी? आहे ना स्वेटर. त्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. पुन्हा छाती धरली, डोळे मोठे केले, आणि मागून काहीतरी येतंय तसं दचकून खांद्यावरून मागे पाहिलं. बाकावरची दोन माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

वैष्णवीला कळलं. ती त्यांच्या अगदी जवळ सरकली, नेहमी सरकते तशी, आणि सांगू लागली. माझ्याशी बोलते तशी भरभर नाही. त्यांना येतील असे शब्द शोधत, थांबत.

मी उठले आणि मान फिरवली. ऐकणारी माणसं दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून लांब जातात. आम्हा खुणा कळणाऱ्यांना दुसरीकडे बघावं लागतं. मी गाड्यांच्या वेळांचा फलक वाचत उभी राहिले. गाडी आली, दोघं चढले. खिडकीच्या मळकट काचेमागे चार हात हलताना दिसत होते, त्यातले दोन फार अवघडून. काय चाललंय ते मला वाचता येईना.

सोमवारी तिला परत सोडायला आले तेव्हा गजाननभाऊ म्हणाले, "तिकडचं होस्टेल एक डाव पाहून येतो म्हनतो. तिची मायबी येतो म्हनते." ते पाहून आले. जूनमध्ये ती गेली. आता तिथंच भौतिकशास्त्र घेऊन पदवी करते आहे. व्हिडिओ कॉल करते तेव्हा कधी कधी रस्त्याच्या कडेला उभी असते, एका हातात फोन, एका हातानं बोलणं, आणि मी तिचं काही ऐकून न घेता आधी, फुटपाथवर हो, भिंतीला टेक, असं सांगत राहते. ती हसते, टेकते, मग पुढचं सांगते.

त्या संध्याकाळी तिनं वडिलांना काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिलंच मनातलं बोलणं, आणि ते माझ्या तोंडातून गेलं नव्हतं. मी तिला कधी विचारलेलं नाही. त्यांनाही नाही.